चार वाजताचे रेणू

मामांच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. तिला आहेरात विजेच्या दोन काचेच्या किटल्या आल्या. एक तिने बाबांच्या, म्हणजे मामांच्या, प्रयोगशाळेला दिली. मामा तिथे शिपाई होते.

प्रयोगशाळेच्या बाईंनी मामांना एकदा समजावलं होतं, "रेणूला झेपेल त्याहून जास्त ऊर्जा दिली, की तो एक तर इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो, नाही तर स्वतःच तुटून गप्प बसतो."

"आमच्या घरासारखंच की!"

"म्हणजे?"

"ही फेकते, मी तुटतो."

बाईंचं म्हणणं, आपले रेणू फेकतात. शेजारच्या खोलीतले सर म्हणत, तुटतात. फेकलेल्या इलेक्ट्रॉनांची मोजणी यंत्र करायचं. खोली कुणाला द्यायची ते ठरवायला एक समिती येणार होती; तिला बाईंचं पटलं तर ठीक, नाही तर खोली सरांना आणि मामा थेट गोदामात.

पण रोज चारच्या सुमारास मोजणी धाडकन पडू लागली.

"तुटतायत!" सर दारातून ओरडायचे.

"घड्याळ बघून तुटतात का हो?" बाई भडकायच्या. त्यांनी वायू बदलला, नळ्या बदलल्या, लिफ्टवर खापर फोडलं. त्यांचा चेहरा उतरला की मामांचा जीव कळवळायचा आणि ते आणखी एक चहा टाकायचे. मग मोजणी पाच वाजताही पडायची. तीन आठवडे असेच गेले.

समिती आली त्या दिवशी मामांनी सहज किटलीचं बटण दाबून पाहिलं. खट्! रेणूंना ऊर्जा देणारा प्रयोगाचा दिवा मंदावला. बंद केलं, दिवा पुन्हा लख्ख. मामांच्या लक्षात आलं. एवढे दिवस रेणू नव्हे, आपला चहा!

सांगावं तर तोंड दाखवायला जागा नाही. न सांगावं तर...

"मामा, पाहुण्यांना चहा!" बाईंनी हाक मारली. यंत्रावर आकडे झकास चढत होते. समितीचे अध्यक्ष चष्मा पुसून पुढे वाकले होते.

मामांनी किटली उचलली, लेकीची मनातल्या मनात माफी मागितली आणि हात सोडला.

"अरेरे मामा! लेकीची भेट ना!"

"बघा," सर दारातून म्हणाले, "मी म्हणत नव्हतो, तुटतातच!"

पण आकडे शेवटपर्यंत पडले नाहीत. खोली बाईंकडेच राहिली. मामा त्या दिवसापासून चहा खालच्या टपरीवरून आणू लागले, तो का, हे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नाही.

किटली त्याच दिवशी, चारला पाच मिनिटं कमी असताना वारली.