करांदे खाणारी पेटी

एका जंगलात एक साळिंदरीण राहत होती. कुठल्या जंगलात ते विचारू नका, बाळांनो. नाव सांगितलं तर तिथले प्राणी म्हणतील, आमचीच बदनामी का, पलीकडचे काय धुतल्या तांदळाचे आहेत? आणि ते खरंच आहे.

साळिंदरणीचं नाव गोजराबाई. अंगावर हातभर काटे आणि स्वभाव मात्र लोण्यासारखा. तिला दोन पिल्लं. थोरला ढेप्या, धाकटी चिंगी. दोघांनाही सारखी भूक लागायची. पिल्लांना दुसरं काम काय असतं? तुम्हाला तरी काय आहे?

उन्हाळ्यात त्या जंगलातली जमीन दगडासारखी व्हायची. नखं मोडली तरी खणता यायची नाही. म्हणून गोजराबाई थंडीतच करांदे खणून बिळात रचून ठेवायची. यंदा दीडशे करांदे साठले होते. रोज एक करांदा तिघांत. मृग लागेपर्यंत बरोबर पुरले असते.

पुरले असते म्हणालो, पुरले नाही. पुरले असते तर गोष्ट कशाला सांगितली असती?

आणखी एक ऐकून ठेवा, पुढे कामाला येईल. साळिंदर रागावलं की पाठ फिरवतं. त्या वेळी आपणही पाठ फिरवावी आणि जीव घेऊन पळावं. जंगलात हे अंड्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

माघात त्या जंगलात झिपरूशेठ नावाचं उदमांजर आलं. ते शहरात एका गोदामाच्या माळ्यावर दोन वर्षं राहिलं होतं. तिथून ते एक गुळगुळीत मिशी आणि बऱ्याच पेट्या घेऊन आलं.

पेटी लाकडी. चारी बाजूंनी बंद. वर एक भोक. कान लावला की आतून आवाज यायचा, किर्रर्र.

मोठ्या सावरीखाली झिपरूशेठनं सभा घेतली. वाघालाही बोलावणं होतं. वाघ झोपला होता. राजे लोक अशा वेळी झोपतातच.

"मंडळी," झिपरूशेठ म्हणाला, "त्या उंबराच्या ढोलीत धनेशीण बसली आहे. अंडी उबवते आहे. तिनं स्वतःला चिखलानं आत लिंपून घेतलंय. आत बसल्या बसल्या ती मनात एक आकडा धरते. ज्याची पेटी तो आकडा आधी ओरडेल, त्याला एक नाणं. मग ती नवा आकडा धरते. याला म्हणतात नाण्यांचं खाणकाम."

खाणकाम म्हटल्यावर गोजराबाई पुढे सरकली. तिचा धंदाच तो. "खणायचं कुठं, शेठ?"

"खणायचं नाही हो ताई. ओळखायचं. तेही तुम्ही नाही, पेटीनं."

"मग मी काय करू?"

"तुम्ही श्रीमंत व्हायचं."

सभेत टाळ्या पडल्या. गोजराबाईला मात्र नाद होता, वस्तू बघितल्याशिवाय घ्यायची नाही. ती म्हणाली, "एक नाणं दाखवा की."

झिपरूशेठ हसला. लहान पोराकडे बघून हसतात तसा.

"ताई, दिसत असतं तर कोणीही चोरलं असतं. हे नाणं नसतंच. तुमच्याकडे ते आहे, एवढं सगळ्यांना माहीत असतं. तेच नाणं!"

कोणालाही काही कळलं नाही. म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

फक्त एक म्हातारी घोरपड पेटीभोवती फिरली. तिनं जीभ आतबाहेर केली आणि म्हणाली, "आत रातकिडे आहेत. चांगले पोसलेले."

"काकू, ते तंत्रज्ञान आहे," झिपरूशेठ म्हणाला.

"असेल बाबा. वास रातकिड्यांचा येतो."

"काकूंचं वय झालंय," हुप्प्या पाटील म्हणाला. हुप्प्या पाटील म्हणजे वानरांचा म्होरक्या. जे आपल्याला कळत नाही ते दुसऱ्यांना समजावून सांगायची त्याला फार हौस. त्यानं तिथल्या तिथे तीन पेट्या घेतल्या.

गोजराबाई घरी आली. करांद्यांकडे बघत बसली. ढेप्या म्हणाला, "आई, पाटलानं तीन घेतल्या."

एवढं पुरलं. सकाळी ती चाळीस करांदे देऊन एक पेटी घेऊन आली.

"वरच्या भोकातून रोज एक करांदा टाकायचा," झिपरूशेठनं बजावलं. "त्याशिवाय पेटी चालत नाही. आणि उघडून बघायची नाही. उघडली की हमी संपली."

"आणि फार तापली तर?"

"पाणी शिंपडा. तळं कशाला आहे?"

झालं. जंगलात घरोघरी किर्रर्र सुरू झालं. कोकिळेला स्वतःचा आवाज ऐकू येईना, तिनं गाणंच सोडलं. तापलेल्या पेट्यांवर शिंपडून शिंपडून तळं घोट्याएवढं उरलं. हरणं पाण्यावर गेली की पाटील त्यांना हाकलायचा. "आधी पेट्या! तुम्ही काय, उद्यासुद्धा प्याल."

महिना गेला. गोजराबाईच्या घरात रोज एक करांदा पोरांना आणि एक पेटीला. एके दुपारी पेटी ओरडली आणि ढोलीतून धनेशिणीचा आवाज आला, "क्रां!"

नाणं लागलं! शेजारीपाजारी गोळा झाले. ढेप्या नाचला. चिंगीनं विचारलं, "आई, कुठाय?"

"सगळ्यांना माहीत आहे ना, तेच," गोजराबाई म्हणाली. म्हणताना तिलाच थोडं कसंतरी वाटलं.

त्यानंतर पेटी ओरडून ओरडून दमली, पण नाणं काही लागेना. ती झिपरूशेठकडे गेली.

"ताई, कधीची पेटी तुमची?"

"तुम्हीच दिलीत की, गेल्या महिन्यात."

"गेल्या महिन्यात?" शेठनं कपाळाला हात लावला. "अहो, ती केव्हाच जुनी झाली! सगळ्यांकडे पेट्या आल्या, तशी धनेशीण आता मोठे आकडे धरते. ही घ्या नवी. दुप्पट ओरडते."

"आणि खाते किती?"

"दुप्पट. मोठ्या घरची आहे ती."

जुनी पेटी आणि वर पंचवीस करांदे देऊन नवी आली. जुनीचं शेठनं काय केलं? रंग लावून सशाला विकली. जंगलात काही वाया जात नाही.

आता ह्या नाण्याचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. पाटलालाही एकदा तसंच वाटलं. त्यानं ठरवलं, नाणं देऊन काहीतरी विकत घ्यायचंच. लोकांना दाखवायला.

बुधा अस्वलाकडे केळीचा घड होता. छान पिवळा. पाटील म्हणाला, "एक नाणं घे आणि घड दे."

"देतो," बुधा म्हणाला. "पण ते नाणं माझ्याकडे आलं हे सगळ्यांना माहीत व्हायला हवं ना?"

तोच तर नियम होता. जंगलात आजवर कोणी कोणाला किती नाणी दिली, ते सगळ्यांनी पहिल्यापासून पाठ म्हणायचं, मग शेवटी हा नवा व्यवहार जोडायचा. सगळ्यांचं जुळलं तर व्यवहार पक्का. राघूंनी सुरुवात केली. "सशानं मोराला एक, मोरानं कोल्ह्याला अर्धं, कोल्ह्यानं..."

मध्येच म्हशीला शिंक आली. पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी मोर रुसून बसला, म्हणाला माझं नाव हळू घेतलं. पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आली तेव्हा व्यवहार पक्का झाला. तोवर घड काळा पडून गळून गेला होता. पाटलाच्या हाती देठ आला.

"पण लबाडीला कुठे जागा राहिली का?" पाटील देठ उंच धरून म्हणाला. "सांगा! राहिली का?"

"केळ्यालाही नाही राहिली," घोरपड म्हणाली.

बुधा मात्र धाय मोकलून रडत होता. घड ठरला तेव्हा एका नाण्याला एक घड असा भाव होता. तीन दिवसांत तो अर्ध्या केळ्यावर आला होता. मग संध्याकाळी एका नाण्याला सगळी केळीची बाग असा भाव झाला, तेव्हा पाटील रडायला लागला आणि बुधा हसायला लागला.

झिपरूशेठनं दोघांनाही समजावलं. "अहो, खर्चायचं नसतंच ते! ठेवायचं असतं."

"किती दिवस?"

"वर जाईपर्यंत."

"आणि वर गेल्यावर?"

"मग तर मुळीच खर्चायचं नाही. आणखी वर जाईल ना!"

फाल्गुनात नव्या पेटीनं गोजराबाईला दोन नाणी मिळवून दिली. एकूण तीन. त्या दिवशीचा भाव एका नाण्याला नव्वद करांदे. म्हणजे गोजराबाई दोनशेसत्तर करांद्यांची धनीण झाली. आणि बिळात करांदा उरला एक.

तो एक करांदा हातात धरून ती उभी राहिली. इकडे पेटी किर्रर्र करत होती. तिकडे पोरं किरकिर करत होती.

आईचं काळीज, बाळांनो. तिनं तो पेटीला घातला. म्हणाली, "आणखी एक नाणं लागलं की चारांचे मिळून तीनशेसाठ करांदे आणीन."

नाणं लागलं नाही.

चैत्र आला. जमीन दगड झाली. चिंगी बिळाची माती चाटू लागली. गोजराबाई करांदे घ्यायला बाहेर पडली. सशाकडे गेली, त्याच्याकडे दोन नाणी. मोराकडे गेली, त्याच्याकडे पाच. रानडुकराकडे अकरा. सगळं जंगल श्रीमंत झालं होतं आणि विकायला कोणाकडे काहीही नव्हतं. सगळ्यांनी सगळं पेट्यांना घातलं होतं.

शेवटी ती झिपरूशेठच्या गुहेपाशी गेली. तो दारात बसून पोट चाटत होता.

"शेठ, दोनशेसत्तर नको. सहा करांदे द्या. तिन्ही नाणी घ्या."

झिपरूशेठनं पोट चाटायचं थांबवलं.

"नाणी?" तो म्हणाला. "ताई, मी कधी तुमच्याकडून नाणी घेतली का? पेटी दिली तेव्हा काय घेतलं?"

"करांदे."

"नवी दिली तेव्हा?"

"करांदे."

"मग? मी धंदेवाला आहे. मला पोट आहे."

गोजराबाई सावकाश वळली आणि तिनं पाठ फिरवली.

शहरात दोन वर्षं राहिलेल्याला काय कळणार? शहरात पाठ फिरवली म्हणजे गिऱ्हाईक निघालं. झिपरूशेठला वाटलं, बरं झालं, भांडण न करता गेली. तो पुन्हा पोट चाटू लागला.

आणि गोजराबाई उलट्या पावली धावली.

त्याची किंकाळी डोंगरापलीकडे गेली. झोपलेला वाघ त्या आवाजानं जागा झाला, "कायदा आणि सुव्यवस्था!" असं म्हणाला आणि पुन्हा झोपला. झिपरूशेठ त्या जंगलातून जो पळाला तो पळाला. म्हणतात, अजून उभ्यानंच जेवतो.

गोजराबाई गुहेत शिरली. करांद्यांचा ढीग असेल म्हणून डोळे मोठे करून बघितलं. करांदे केव्हाच शहराकडे रवाना झाले होते. कोपऱ्यात एक अर्धा कुरतडलेला उरला होता. बाकी गुहाभर पेट्या. नव्याकोऱ्या, तीस पेट्या.

तिनं रागानं घरची पेटी आणून फोडली. पोरंही मागोमाग आली. आतून चाळीस रातकिडे निघाले, उंबराएवढे जाडजूड.

घोरपड दबा धरून बसलीच होती. चाळीसच्या चाळीस चाटून गेली. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ती ढेकर देत म्हणाली. "आणखी फोडायच्या आहेत का गं? तुझ्यासारख्या पोसणाऱ्या मिळत नाहीत हल्ली."

गोजराबाईनं दगड उचलला. मग तिनं अर्ध्या करांद्याचे दोन तुकडे करून चाटणाऱ्या ढेप्या-चिंगीकडे बघितलं. दगड खाली ठेवला.

"नाही काकू," ती म्हणाली. "बाकीच्या राहू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीतून एक तराफा पलीकडे गेला. तराफ्यावर तीस पेट्या, दोन पिल्लं आणि गोजराबाई.

नदीपलीकडे दुसरं जंगल. तिथे कोणी पेटी पाहिली नव्हती. एक रानडुकरीण सात पिल्लांना घेऊन सावलीत बसली होती. मागे सुरणांचा ढीग, तिच्या डोक्याएवढा उंच. उन्हाळ्याची बेगमी.

"काय विकता, बाई?" तिनं विचारलं.

झिपरूशेठनं सभेत सांगितलं होतं, अगदी तसंच सगळं गोजराबाईनं सांगितलं. ढोलीत बसलेला कोणीतरी पक्षी याही जंगलात होताच. सगळीकडे असतो.

रानडुकरीण भोळी होती, पण वस्तू बघून घ्यायची तिलाही सवय. म्हणाली, "एक नाणं दाखवा की."

गोजराबाईनं त्या सात पिल्लांकडे बघितलं. सातवं फारच बारीक होतं. ती जरा थांबली. अगदी जराशीच, बाळांनो, एक माशी म्हशीच्या या शिंगावरून त्या शिंगावर बसेल एवढीच.

मग चिंगी म्हणाली, "आई, भूक."

"ताई," गोजराबाई गोड हसून म्हणाली, "दिसत असतं तर कोणीही चोरलं असतं."

त्या वर्षी ढेप्या आणि चिंगी सुरण खाऊन गुबगुबीत झाली. हुप्प्या पाटील अजून झाडाच्या शेंड्यावर नाणी राखून बसला आहे. तो आता आपल्या जंगलातला सगळ्यात श्रीमंत वानर आहे. पाला खातो. पूर्वीही पालाच खायचा, पण आता गुंतवणूकदार म्हणून खातो.

तात्पर्य: पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं शाळेत शिकवतात. ते पाठ करा, परीक्षेत लिहा, पाचपैकी पाच मार्क मिळवा. पण पोट भरायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा: ठेच लागली की रडत बसू नये. तो दगड उचलावा, धुऊन पुसून चकचकीत करावा आणि मागच्याला विकावा. नाणी मात्र घेऊ नयेत.