तेरा सेकंदांची फेरी

पर्सिमन फोर्कच्या कीर्तिदालनात यंदा कुणाचा फोटो लावायचा, यावर समितीत दोन विरुद्ध दोन अशी मतं पडली. पाचवं मत होतं डेल्मर स्ट्रूपचं. डेल्मरने बशीतली केकची शेवटची फोड उचलली, सावकाश चघळली आणि म्हणाला, "मत देतो. पण आधी मला त्र्याहत्तर सालची कार्डं बघायचीत."

समितीचा अध्यक्ष प्रेस्टन लेल याने डोळे मिटून घेतले. प्रेस्टनचा धंदा अंत्यविधीचा. गावातला कुठला म्हातारा शर्यतगडी कीर्तिदालनाच्या किती जवळ येऊन ठेपला आहे, हे त्याच्याइतकं अचूक कुणालाच ठाऊक नसे, म्हणून तर त्याला अध्यक्ष केला होता.

"पन्नास वर्षं झाली त्याला, डेल्मर."

"एक्कावन्न."

"अरे, साधा प्रश्न आहे. ऑटिस बोलिक की हॉइल सिग्मन? एक नाव घे, आपण घरी जाऊ."

"ऑटिस त्र्याहत्तरची दोनशे फेऱ्यांची शर्यत जिंकला म्हणून त्याला घ्यायचं ना? मग जिंकला का ते बघू दे की."

खरं सांगायचं तर डेल्मर समितीत शिरला होता तोच या कार्डांसाठी. नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या डोंगरउतारावर, लाल मातीच्या अर्ध्या मैलाच्या गोल पट्टीवर, साध्या घरगुती गाड्या आतून पोखरून पळवणारे पुष्कळ होऊन गेले. डेल्मरही त्यातलाच एक. आठ वर्षं तो गाडी पळवत होता आणि आठ वर्षांत एकही शर्यत जिंकला नव्हता. त्याचं त्याला दुःख नव्हतं. गिरणीतला पगार चालू होता, मोझेलसारखी बायको होती. पण त्र्याहत्तरच्या सप्टेंबरात शेवटचं निशाण पडलं तेव्हा डेल्मरची गाडी ऑटिसच्या गाडीच्या एक हात पुढे होती, आणि चषक मिळाला ऑटिसला. का, तर म्हणे डेल्मर एक फेरी मागे होता. तेव्हापासून डेल्मरच्या डोक्यात एकच मुंगी फिरत होती. ती फेरी गेली कुठे?

त्या काळी फेऱ्या मोजायला यंत्रं नव्हती, बायका होत्या. प्रत्येक गाडीमागे एक बाई फळ्यांच्या मचाणावर बसायची, बहुतेक करून ज्याची गाडी त्याची बायको, नाही तर बहीण. पुढ्यात दोनशे घरांचं कार्ड, समोर भलंमोठं घड्याळ. आपली गाडी रेषेवरून गेली की पुढच्या घरात घड्याळातली वेळ लिहायची. नजर हलली की फेरी गेली. डेल्मरचं कार्ड लिहायला मोझेल होती. लग्नाला तेव्हा तीन महिने झाले होते.

"तू त्या दिवशी कुणाशी तरी बोलत होतीस," डेल्मर म्हणायचा.

"मी कुणाशी बोलत नव्हते," मोझेल म्हणायची.

"मग फेरी गेली कुठे?"

"मी तुझी एकही फेरी सोडलेली नाही."

एवढंच. पण एक्कावन्न वर्षं. दोन मुलं झाली, त्यांची लग्नं झाली, गिरणी बंद पडली, आणि हा संवाद दर सप्टेंबरात, बटाटे वाढता वाढता, होत राहिला.

प्रेस्टनने हात टेकले. धावपट्टीच्या जुन्या मालकाची सगळी खोकी त्याच्याकडेच, शवपेट्यांच्या मागे पडून होती. डेल्मर त्र्याहत्तरचं खोकं घरी घेऊन आला, भिंग काढलं आणि पुढच्या ओसरीवर भर उन्हात बसला. पहिलं कार्ड त्याने अर्थातच ऑटिसचं उघडलं.

दोन घरांमधलं अंतर, म्हणजे प्रत्येक फेरी, सव्वीस सेकंदांची. कधी सत्तावीस, कधी पंचवीस. बोट फिरवत फिरवत तो एकशे बारापाशी आला आणि थांबला. पुन्हा मोजलं. मग टोपी चढवून थेट बोलिकांच्या घरी गेला.

ऑटिस कानातलं यंत्र काढून खुर्चीत झोपला होता. त्याची बायको विल्डा चुलीपाशी लिव्हरमशच्या, म्हणजे डुकराची कलेजी आणि मक्याच्या पिठाच्या, वड्या तळत होती.

"विल्डा, ऑटिसने एकशे बारावी फेरी तेरा सेकंदांत मारली. आणि एकशे तेरावीही."

"मारली असेल. तेव्हा जोरात होता तो."

"बाकी सगळ्या सव्वीसच्या आहेत."

"मग तिथे उतार लागला असेल."

"गोल पट्टीवर?"

विल्डाने वडी उलटली. मग दुसरी उलटली. मग आधी उलटलेली पुन्हा उलटली.

"ऑटिस उठायच्या आत बोल काय ते," ती म्हणाली. "हो, घातली मी मधे एक. पण सुरुवात इमोजीनने केली. माझ्या शेजारीच बसली होती. शिंकल्यासारखं केलंन् आणि मधेच एक वेळ लिहून टाकली. मग मी काय माझ्या नवऱ्याला उपाशी ठेवू?"

इमोजीन म्हणजे हॉइल सिग्मनची बायको, ज्याचं नाव दुसऱ्या बाजूने पुढे होतं. डेल्मर तिकडे गेला. इमोजीन अंगणात झेंडूची वाळकी फुलं खुडत होती.

"विल्डा म्हणते तुम्ही सुरुवात केलीत."

"म्हणणारच. मी लोरीनचं बघून केलं."

लोरीनही त्या मचाणावरचीच, आता वृद्धाश्रमात होती. तिला आपल्या मुलांची नावं आठवत नव्हती, पण ही फेरी आठवत होती. तिने तिच्या पुढच्या बाईचं नाव सांगितलं. पुढचीने तिच्या पुढचीचं. गुरुवारपर्यंत डेल्मरने सगळं खोकं उपसलं. चोवीस गाड्या, चोवीस कार्डं. तेवीस कार्डांत कुठे ना कुठे एका फेरीचे तेरा-तेरा सेकंदांचे दोन तुकडे होते. म्हणजे दोनशे फेऱ्यांची ती गाजलेली शर्यत एकशे नव्व्याण्णव फेऱ्यांतच आटोपली होती आणि एक्कावन्न वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

"पण प्रत्येकीने एकच का?" त्याला राहवेना. तो पुन्हा इमोजीनकडे गेला. "घालायच्याच तर तीन घालायच्या, चार घालायच्या."

इमोजीनने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्याने देवळात शीळ घातली होती.

"एक फेरी म्हणजे नवऱ्यावरची माया," ती म्हणाली. "दोन म्हणजे चोरी. आम्ही बॅप्टिस्ट आहोत, डेल्मर."

चोविसावं कार्ड मोझेलचं. ते डेल्मरने तीनदा वाचलं, एकदा उलटं वाचलं. सगळ्या फेऱ्या सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस; चाक बदलायला थांबला होता ती एक तेवढी लांबलेली, पण तिकडे त्याने लक्ष दिलं नाही. तेराची एकही नाही. एकशे नव्व्याण्णव घरं भरलेली, शेवटचं रिकामं. त्याने बोटांवर हिशेब केला. ऑटिसच्या दोनशेतली खोटी एक काढली, राहिल्या एकशे नव्व्याण्णव. आपल्याही एकशे नव्व्याण्णव. आणि रेषा आधी ओलांडली कुणी?

तो भिंग हातात तसंच धरून स्वयंपाकघरात गेला. मोझेल शेंगा सोलत होती.

"मोझेल, तू एकही जास्तीची लिहिली नाहीस."

तिचा हात थांबला. "ती कार्डं होती तिथे ठेवून ये."

"चोवीस बायकांत तू एकटी प्रामाणिक निघालीस."

"डेल्मर."

"आणि मी तुला एक्कावन्न वर्षं बोल लावला."

"ही परात घे आणि शेंगा सोल," मोझेल म्हणाली. डेल्मरने निमूटपणे शेंगा सोलल्या. इतक्या वर्षांच्या अन्यायापुढे एक परात म्हणजे काहीच नव्हतं.

समितीत हलकल्लोळ झाला. ऑटिसचा दावा गेला. हॉइलचाही गेला. बायको वाढते त्या फेऱ्यांवर कीर्तिदालनात बसायचं तर अर्धं गाव बसवावं लागेल, असं प्रेस्टन म्हणाला. मग दोघे म्हणाले, खरा विजेता डेल्मर, त्याने राजीनामा द्यावा आणि त्यालाच घ्यावं. प्रेस्टन आणि आणखी एक म्हणाले, मान द्यायचाच तर मोझेलबाईंना द्या, चोवीस कार्डांत एक खरं त्यांचं. पुन्हा दोन विरुद्ध दोन. आणि पुन्हा सगळ्यांची तोंडं डेल्मरकडे.

आयुष्यात न जिंकलेली शर्यत एका मतावर त्याच्या नावे होत होती. 

"मोझेल," तो म्हणाला. "मला उरलेलं आयुष्य तिच्यासोबत काढायचंय. चषकासोबत नाही."

बातमी ऐकून मोझेल म्हणाली, "मला नको."

"का?"

"फोटोत माझं नाक मोठं येतं."

डेल्मरला हा विनय वाटला. तीन आठवडे तो न्हाव्याकडे, हत्यारांच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर बायकोच्या खरेपणाचे पोवाडे गात हिंडला. "पुरे की आता," मोझेल म्हणायची. ती जितकी पुरे म्हणे तितका याला जोर चढे.

समारंभ रविवारी दुपारी, चर्च सुटल्यावर झाला. जुन्या तिकीटघराच्या भिंतीवर अकरा पुरुषांचे धुरकटलेले फोटो होते. बारावा मोझेलचा, आणि नाक बेताचंच आलं होतं. फोटोखाली काचेच्या पेटीत ते कार्ड. टेबलांवर मसाला भरलेली अंडी, चिकन, गोड थंड चहाच्या बरण्या. सगळं गाव लोटलं होतं.

आणि ऑटिस बोलिक आला. काठी एका हातात, दुसऱ्या बगलेत त्र्याहत्तरचा चषक, कमरेइतका उंच, घासून लख्ख केलेला. लोकांनी वाट दिली.

"घे," ऑटिस म्हणाला. "विल्डाने सगळं सांगितलं. तीन आठवडे झोपलो नाही."

"ऑटिस, अरे—"

"घे म्हणतो ना. मी जिंकल्यासारखा पन्नास वर्षं चाललो गावातून. आता लंगडत चालतो, त्याला हरकत नाही. नाव तेवढं माझं कोरलंय त्याच्यावर, ते घासून काढ."

डेल्मरचे हात आपोआप पुढे झाले. बोटं चषकाला लागणार, तोच मोझेलने त्याची बाही ओढली.

"जरा इकडे ये."

"आत्ता?"

"आत्ताच. ते हातात घ्यायच्या आधी."

तिने त्याला काचेच्या पेटीपाशी नेलं आणि आवाज खाली आणला. "पहिलं घर वाच."

"दोन वाजून दहा मिनिटं, शून्य सेकंद."

"शर्यतीचं हिरवं निशाण कधी पडलं?"

"दोन दहाच्या ठोक्याला. सगळ्या जगाला ठाऊक आहे."

"मग त्याच ठोक्याला तुझी एक फेरी पुरी कशी झाली?"

डेल्मरने पहिलं घर वाचलं. दुसरं वाचलं. पुन्हा पहिल्यावर आला. इतके दिवस तो भिंग घेऊन मधल्या घरांत तेरा सेकंद शोधत बसला होता.

"गाडी सुटतानाच लिहिलीस तू एक," तो हळूच म्हणाला.

"त्या सगळ्या मधे घुसडत बसल्या. मधे घुसडलं की सापडतं. सुरुवात कोण बघतंय?"

"म्हणजे माझ्या एकशे अठ्ठ्याण्णव."

"हो."

"ऑटिसच्या एकशे नव्व्याण्णव."

"निकाल बरोबरच होता, डेल्मर. चाक बदलायला थांबलास ना, तेव्हा गेली ती. तुला वाटतं, पापणी लवते न लवते तोवर सुटलास. मी वर बसून बघत होते. सगळे पुन्हा एकदा समोरून गेले, आणि तू तिथेच चाकाला शिव्या देत होतास."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? दर सप्टेंबरात म्हणायचास, माझी एक फेरी खाल्लीस." मोझेलने त्याची कॉलर सारखी केली. "खाल्ली नव्हती. वाढली होती."

ऑटिस चषक सावरत अजून उभाच होता. डेल्मर त्याच्याकडे गेला.

"घरी घेऊन जा तो."

"तुला बरं नाही का?"

"त्या दिवशी तूच जिंकलास."

"एक्कावन्न वर्षं उलटं सांगतोयस. आणि कार्डं म्हणतात—"

"कार्डांचं सोड. मी गाडीत होतो, मला माहीत आहे. चाक बदलायला फार वेळ थांबलो मी."

ऑटिसने चषक छातीशी धरला आणि तोंड फिरवलं. बाजूला उभ्या प्रेस्टनने हे ऐकलं आणि तिथल्या तिथे खुर्चीवर चढून जाहीर केलं की असा दिलदार माणूस या धावपट्टीने पाहिला नाही, आणि पुढच्या वर्षीचा फोटो डेल्मर स्ट्रूपचा लागेल, मतं घ्यायची गरज नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग जो तो मोझेलबाईंचं कार्ड पाहायला पेटीकडे सरकला. सगळ्यांत पुढे ऑटिस होता, आणि त्याच्या हातात कार्ड वाचायला पेटीवर ठेवलेलं डेल्मरचंच भिंग.

डेल्मर दोन ढांगांत तिथे पोचला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, काचेच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर, नेमकी पहिल्या घरावर, ठेवली आणि तिच्यावर तळहात टेकून उभा राहिला.

"टोपी काढ की, वाचू दे," ऑटिस म्हणाला.

"वाच ना. खालून वाच. शेवट चांगला आहे."

बायकोच्या कार्डापासून हा हलायलाच तयार नाही, हे पाहून दोनचार बायकांनी रुमाल काढले. विल्डा मात्र इमोजीनकडे बघत होती आणि इमोजीन छताकडे. तासभर रांग चालली. मोझेल एका बशीत अंडी आणि चिकन घेऊन आली. डेल्मरने डाव्या हाताने खायला सुरुवात केली, उजवा टोपीवर.

"रग लागली तर सांग," मोझेल म्हणाली. "थोडा वेळ मी धरते."