ताईंची पंगत आणि माझी मोबाईल-सेवा

मोबाईलच्या बाबतीत अख्ख्या पांढुर्ण्यात माझा हात धरणारा माणूस नाही! हे मी म्हणत नाही, आमच्या गल्लीतली माणसं म्हणतात. म्हणजे, सप्ताहाच्या पाचव्या दिवसापर्यंत म्हणत होती.

शाळेतल्या बाबूच्या नोकरीतून रिटायर झालो आणि दोनच गोष्टींना वाहून घेतलं. एक कीर्तन, दुसरा मोबाईल. कीर्तन म्हणजे माझा जीव की प्राण! मृदंगावर थाप पडली की माझे गुडघे दुखायचे थांबतात. डॉक्टर मानत नाहीत, पण मी मानतो.

आणि आमच्या सप्ताहाला दरवर्षी येतात त्या धनश्रीताई. काय तो आवाज! वरच्या सुरात अभंग उचलला की वाटतं, कापसाच्या गंजीवर कोणी अलगद झोपवलं आपल्याला. मी पहिल्या रांगेत, ताईंच्या अगदी समोर बसतो. रडायच्या जागी रडतो, हसायच्या जागी हसतो. इतकी वर्षं झाली, पण ताईंना माझं नाव माहीत नाही!

हिरामणचं मात्र माहीत आहे.

हा हिरामण म्हणजे आमच्या भजनी मंडळातला टाळकरी. स्टेशनजवळ राहतो, बी-बियाणाचं दुकान आहे. टाळकरी कीर्तनकाराच्या मागे उभे राहतात, त्यामुळे ताईंच्या प्रत्येक व्हिडिओत ताईंच्या खांद्यामागून हिरामणचं तोंड दिसतं. पौर्णिमेच्या चंद्रामागे पाण्याची टाकी दिसावी तसं! आणि ताई मध्येच वळून म्हणतात, "घ्या हिरामणभाऊ, नामाचा गजर!" माझ्या पोटात असा जाळ उठतो की त्यावर पाव किलो डाळ शिजावी.

देवा, मत्सर वाईट हे मला कळतं. ताईंच्याच कीर्तनात दहादा ऐकलंय. पण तेव्हासुद्धा मागे हिरामणच उभा होता ना!

यंदा त्याने आणखी कहर केला. मंडळाच्या ग्रुपवर कीर्तनाचं रेकॉर्डिंग पडलं रे पडलं, की त्याच्या मोबाईलमध्ये ते आपोआप उतरायचं. सकाळी ताईंनी विचारलं, "कालचं कीर्तन कोणाकडे आहे का?" की हा पुढे! "आहे ना ताई, हे पहा!" मी खिशातून चष्मा काढेपर्यंत ह्याचा अभंग सुरू झालेला असायचा.

मग मी ठरवलं. सेवा करायची!

पहाटेचा काकडा आटोपल्यावर मंदिराच्या ओट्यावर मी जाहीर केलं, "मायबापहो, आपोआप डाऊनलोड ही मोबाईलला लागलेली मावा कीड आहे! ग्रुपवर पडलेलं फूल, पाखरू, शुभ सकाळ, सगळं तुमच्या मोबाईलमध्ये घुसून राह्यलं. आणा इकडे, मी बंद करून देतो. फुकट!"

लोकांनी रांग लावली. मी एकेकाच्या व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये शिरलो आणि फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट, सगळ्यांवरच्या खुणा पटापट काढल्या. देवीदासच्या ब्राउझरमध्ये तर हरिपाठाची एकच फाईल इतक्या वेळा उतरलेली की हरीलासुद्धा वाटलं असेल, पुरे! तिथेही डाऊनलोडच्या सेटिंगमध्ये जाऊन 'आधी विचारा' सुरू केलं आणि साईटला आपोआप फायली टाकायची परवानगी बंद करून टाकली.

"आता फोटो धुरकट दिसन," मी समजावलं. "त्याच्यावर बाण असते. धुरकट दिसलं की समजा कचरा. बोट लावाचं नाई!"

शेवटी हिरामण आला. "माह्याही करून दे ना गुणवंता. लय भरला बाप्पा."

"आन ना! तुह्यासाठीच त बसलो मी," मी म्हणालो. आयुष्यात इतकं खरं मी क्वचितच बोललो असेन.

आता तुम्ही विचाराल, माझ्या मोबाईलचं काय? तो मी तसाच ठेवला. सुरू! सगळ्यांचं बंद, माझं चालू. आता ताईंनी विचारलं की गावात एकाच खिशातून कीर्तन निघणार होतं. आणि खरा डाव तर पुढेच होता. पाचव्या दिवशी दुपारी ताईंची पंगत माझ्या घरी होती! सहाव्या दिवशी हिरामणकडे. म्हणजे त्याच्या आधी एक दिवस ताई माझ्या ओसरीत बसणार, माझ्या हातून वाढून घेणार, आणि हात धुताना तरी विचारतील ना, "भाऊ, आपलं नाव काय?"

एवढंच हवं होतं हो मला. नाव.

माझी बायको वत्सला हिने चार बाया बोलावल्या आणि पुरणाचे मांडे घातले. उपड्या खापरावर भाजलेला, धोतरासारखा लांब-रुंद अन् मलमलीसारखा पातळ मांडा! सोबत वडे, कढी, भात. अंगणात मांडव. टाळकरी, मृदंगवाले, सगळं मंडळ जेवायला. हिरामण पहिल्या ओळीत. मीच बसवलं. त्याने पाहायला नको?

बारा वाजले. ताई नाहीत. एक वाजला. ताई नाहीत.

"यून राह्यल्या असतीन," हिरामण म्हणाला आणि मांड्यांच्या ढिगाकडे पाहत आवंढा गिळला.

"फोन लावा ना जी दादाजीले," वत्सला म्हणाली. दादाजी म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, ताईंची ने-आण तेच करतात.

मी मोबाईल काढला. मांड्यांच्या धांदलीत कालपासून त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. मोबाईल गप्प. सेवेच्या दिवसापासून पडलेलं प्रत्येक कीर्तन, प्रत्येक फूल, प्रत्येक पाखरू एकट्या माझ्या मोबाईलने गिळलं होतं. पडद्यावर 'जागा शिल्लक नाही' एवढं आलं, आणि पंगतीत जास्त जेवलेल्या पाहुण्यासारखा तो जागच्या जागी आडवा झाला.

"आना भाऊजी, तुमचा द्या," म्हणत वत्सलाने हिरामणचा मोबाईल घेतला. दादाजींचा फोन लागेना. ती ग्रुप चाळू लागली. "हे काय धुरकट-धुरकट हाय? दादाजीनं कालच टाकलं हाय काहीतरी."

"फूल असन, वयनी," हिरामण म्हणाला. "गुणवंतानं सांगतलं, कचऱ्याले बोट लावाचं नाई."

"दादाजी कधीपासून फुलं टाकून राह्यले?" वत्सला म्हणाली आणि तिने बाणावर बोट ठेवलं.

इथे एक सांगायला हवं. दादाजींना मोबाईलवर टाईप करता येत नाही. मंडळाचा निरोप ते पाटीवर खडूने लिहितात, पाटीचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि पाटी पुसून टाकतात.

धुकं विरलं. पाटी दिसली. वत्सलाने मोठ्याने वाचलं, "'ताईंना उद्या दुपारच्या गाडीने तिगावला जायचे आहे. म्हणून उद्याची पंगत स्टेशनजवळ, हिरामणकडे. गुणवंताची पंगत परवा. सर्वांनी नोंद घ्यावी. राम कृष्ण हरी.'"

कढी गार व्हायचा आवाज ऐकू येत होता.

मग हिरामण ओरडला, "म्हंजे ताई माह्या घरी? अबे, घरी त अनुराधा एकटीच हाय! तिचे गुडघे दुखून राह्यले म्हून आली नाई ते! अन् सैपाक त केलाच नाई आमी, सारे इथंच जेवनार म्हून!"

तो पत्रावळ ओलांडून स्कूटरकडे पळाला. मी त्याच्या मागे बसलो. खरं सांगतो, मला आतून उकळ्या फुटत होत्या. हिरामणच्या घरी ताई आल्या आणि चूल थंड! इतकी वर्षं मागे टाळ वाजवून कमावलेलं नाव एका दुपारी बुडालं!

आम्ही पोचलो तर अनुराधावयनी ओट्यावर बसून ताट पुसत होत्या. तोंडावर असं तेज, जसा आताच काला वाटून झाला.

"ताई?" आम्ही दोघं एकदम.

"गेल्या ना! गाडीची वेळ झाली होती. मी म्हनलं, ताई, फक्त झुनका-भाकर हाय घरात. त म्हनते कशा, 'तेच वाढा, माय!' दोन भाकरी खाल्ल्या. ठेचा मांगून घेतला! अन् जाताना माह्या पाठीवरून हात फिरवला बाप्पा!"

ठेचा मागून घेतला! माझ्याकडे मांड्यांचा डोंगर, आणि इथे ठेचा मागून! माझ्या पोटात आता पाव किलो नाही, पंगतीची सगळी डाळ शिजली असती.

हिरामणने डोळे पुसले आणि मला मिठी मारली. "गुणवंता, तू बंद केलं नसतं, त मी पक्वान्नं केली असती रे! ठेचा कोठून वाढला असता? तुहेच उपकार!"

असा वार शत्रूसुद्धा करत नाही.

संध्याकाळी ताई तिगावहून परतल्या. रात्रीचं कीर्तन उभं राहिलं. मी पहिल्या रांगेत. ताईंनी निरूपण लावलं, आणि कथा कोणती घेतली? विदुराघरच्या कण्यांची!

"दुर्योधनाने मांडव घातला!" ताई म्हणाल्या. "पक्वान्नांचे डोंगर उभे केले! पण देव गेला का तिकडे?"

"नाई!" मांडव गरजला.

"देव विदुराच्या झोपडीत गेला. घरात होत्या नुसत्या कण्या. देवाने त्या मागून मागून खाल्ल्या!" आणि मागे वळून, "घ्या हिरामणभाऊ, नामाचा गजर!"

ताईंना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. पण गावाला ठाऊक होतं. दुर्योधन म्हटलं की शंभर माना माझ्याकडे वळत होत्या. विदुर म्हटलं की परत हिरामणकडे. टेबलफॅन फिरावा तशा! मी मात्र रडायच्या जागी रडलो. त्या रात्री जरा जास्तच जागा सापडल्या.

घरी येताच वत्सलाला सांगितलं, "उद्या ताई येऊन राह्यल्या. मांडे नाई, वडे नाई. फक्त ज्वारीच्या कण्या!"

"अहो, लोक काय म्हनतीन? पाहुन्याले कण्या?"

"हिरामणनं झुणका वाढला ना? आपण त्याच्याही खाली जाऊ!" मी ठणकावलं. गरिबीतसुद्धा मी त्या माणसाला पुढे जाऊ देणार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी ताई खरंच आल्या! माझ्या ओसरीत, माझ्या पाटावर! मी कण्या वाढल्या, वर ताकाची धार धरली आणि विदुरासारखा हात जोडून उभा राहिलो.

ताईंनी ताटाकडे पाहिलं.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "काल कीर्तनानंतर देवीदासभाऊंकडे जेवायला कण्या होत्या. आज सकाळी नाश्त्याला तुमच्या गल्लीतल्या अमिताताईंकडून कण्या आल्या. कथा सांगितली हो मी, पथ्य नाही सांगितलं! हिरामणभाऊ मघाशी म्हणत होते, तुमच्याकडचे मांडे म्हणजे अमृत. एखादा उरलाय का?"

माझ्या जिवात जीव आला. मी आत वळून ओरडलो, "वत्सला, मांडे आण!"

वत्सला दारात येऊन उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "अनुराधाबाईनं काल चाखले नव्हते ना जी. चार उरले होते, ते सकाळीच पाठवले मी त्याइच्या घरी."

ताई उठल्या. अगदी प्रेमाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काही हरकत नाही. तुम्हाला हिरामणभाऊंचं घर माहीत असेलच. मला तेवढं पोचवून देता का, भाऊ... काय नाव म्हणालात?"