चपलेचा नंबर विचारणारे काळोखे

तुकाराम काळोखे अनोळखी पोराला नाव विचारत नसत. आधी चपलेचा नंबर विचारत. दहा, अकरा असं उत्तर आलं की त्यांचा चेहरा खुलायचा. मग ते त्याला हात पसरायला लावत, बोटं ताणून बघत आणि त्यानंतरच गाव, मार्क, आईबाप असल्या फुटकळ गोष्टींकडे वळत. जूनमध्ये आमच्या भागातल्या कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीसमोर रांग लागली की पहिली पाळी संपवून, रिकामा डबा काखेत मारून काळोखे तिथे हजर. लोकांना वाटायचं, हे कॉलेजचेच कोणी असावेत. एका बाईने तर मुलाचा शाळेचा दाखला त्यांच्या हातात ठेवला होता.

कॉलेजशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. माणूस चौथी शिकलेला, मूळचा मावळातला. पिंपरीच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते आणि मी तिथेच टाइम ऑफिसात कारकून. त्यांच्या घराच्या वाटेवर कॉलेजचं बास्केटबॉलचं मैदान लागायचं. एकदा सायकल पंक्चर झाली म्हणून ते कठड्याला टेकून खेळ बघत उभे राहिले, ते पुढे कितीतरी वर्षं तिथेच. स्वतः त्यांनी चेंडूला कधी हात लावला नाही. नियमही अर्धेच कळायचे. वाढ मात्र कळायची. लहानपणी वडील त्यांना चाकणच्या बैलबाजारात न्यायचे, तिथली विद्या त्यांनी इकडे लावली. "खुरावरनं वाढ कळती," म्हणायचे. "पोरगं आज कितीबी असू दे. पाय मोठा हाय ना, मग अजून सुटणार."

आता आमच्या टीमबद्दल बोलायलाच हवं, तोंड कडू झालं तरी. पुण्यातल्या एका बड्या कॉलेजशी दर डिसेंबरात मॅच व्हायची आणि दर डिसेंबरात आम्ही यथेच्छ मार खायचो. त्यांची पोरं पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासच्या बुटांत यायची, आमची दोघं-तिघं अनवाणी. तरी जून आला की कठड्यावरच्या आम्हा चार-पाच रिकामटेकड्यांच्या अंगात यायचं. यंदा भरती चांगली आहे, यंदा दाखवतोच त्यांना, वगैरे. काळोख्यांनी निवडलेला एक ताडमाड पोरगा चेंडू अंगावर आला की डोळे मिटून घ्यायचा. दुसऱ्याला त्यांनी पंधरा दिवस घरचं दूध पाजलं, तर तो भावाची फी भरायला आलेला निघाला. तिसऱ्याचं दिवाळीनंतर लग्न झालं आणि सासऱ्याने त्याला किराणा दुकानात बसवलं, वरच्या फळीवरचे डबे काढायला. आम्ही कपाळाला हात लावायचो. काळोखे शांतपणे म्हणायचे, "माल यायचाय अजून."

आला. दुष्काळाने उठलेली बीडकडची काही कुटुंबं तेव्हा आमच्या भागातल्या वीटभट्ट्यांवर राबत होती. त्यातलाच संपत. सहा फूट तीन इंच. चपलेचा नंबर त्याला सांगता आला नाही, कारण त्याच्या मापाची चप्पल दुकानात मिळतच नव्हती, टायर कापून केलेली घालायचा. हे ऐकून काळोख्यांना भरून आलं. पोरगा मॅट्रिक पास होता. काळोखे लागोपाठ तीन रविवार भट्टीवर गेले, बापाच्या हातापाया पडले आणि पोराला कॉलेजात घालूनच थांबले. संपत त्यांना मामा म्हणायला लागला. मामींच्या हातच्या भाकऱ्या अंगी लागल्या आणि गणपतीपर्यंत तो असा काही खेळायला लागला की कठड्यावर आम्हाला टेकायला जागा उरेना.

आणि नेमका तेव्हाच आमच्या कंपनीला स्वतःची टीम काढायचा झटका आला. चांगल्या खेळाडूला थेट पर्मनंट नोकरी. संपतने अर्ज केला. वेल्फेअर साहेबांनी काळोख्यांना निरोप धाडला की तुम्ही या पोराला रोज बघता, घ्यायचा का ते सांगा. पर्मनंट म्हणजे काय चीज होती, ते वीटभट्टीवरच्या माणसाला विचारावं. अख्खं घर वर आलं असतं. पण नोकरी लागली की कॉलेज सुटणार, आणि डिसेंबरची मॅच तोंडावर.

साहेबांकडे जाण्याआधी काळोखे माझ्या टेबलापाशी आले. चेहरा उतरलेला.

"राव, काय सांगू?"

हजेरीपत्रकातून मान वर न काढता मी म्हणालो, गुडघ्यात दोष आहे म्हणून सांगा. पुढच्या वर्षी लागेल की नोकरीला, एका वर्षाने काय बिघडतंय. आपण फार व्यवहारी बोललो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

उभ्या नोकरीत या माणसाने खराब नग कधी पास केला नव्हता की चांगला नग कधी फेकला नव्हता. त्यांची सही असली की पुढचे लोक माल तपासत नसत. त्या दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं की पोराच्या डाव्या गुडघ्यात खोट आहे. साहेबांनी त्यांच्या शब्दावर अर्जावर काट मारली.

डिसेंबरात आम्ही जिंकलो. संपतला आम्ही खांद्यावर घेतलं, तेव्हा त्याचे पाय जवळजवळ जमिनीला टेकत होते. मी घसा बसेपर्यंत ओरडलो. काळोखे ओरडले नाहीत. मला वाटलं, आनंदाने वाचा गेली असेल. आमची अक्कल तेवढीच.

पुढच्या वर्षी कंपनीने भरतीच बंद केली. तरी काळोखे आपणहून साहेबांकडे गेले आणि गुडघ्याचं खोटं होतं म्हणाले. साहेब हसले. पोरावर तुमची माया दिसतेय, म्हणाले. त्यांचं खोटं लगेच पटलं होतं, खरं कोणी ऐकेना. तिकडे खेळाच्या नादात संपत नापास झाला, बापाने अंथरूण धरलं आणि घर ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला गेलं. त्यानंतर जून आला तरी काळोखे कॉलेजकडे फिरकले नाहीत. म्हातारा चक्रम झाला, असं आम्ही चहा पिता पिता म्हणायचो.

सहा वर्षांनी संपत काळोख्यांच्या घरी आला. बीडकडच्या एका साखर कारखान्यात चौकीदार म्हणून लागला होता, पेढे घेऊन मामांना भेटायला आला होता. मी तिथेच बसलो होतो. दारातून वाकून तो आत आला, त्यांच्या पाया पडला.

"बाप गेला, मामा," म्हणाला. "पण मरस्तोवर तुमचं नाव काढायचा. त्या माणसानं तुला माणसांत आणलं म्हणायचा."

काळोख्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"संपत, कंपनीतली तुझी नोकरी मी घालवली. तुझ्या गुडघ्यात खोट हाय म्हून सायबाला मी सांगितलं. मॅच जिंकायची व्हती."

संपतने विचारलं, "कुणी सांगायला लावलं?"

मी घाईने कप तोंडाला लावला. चहा धोतरावर सांडला.

"कुणी न्हाई," काळोखे म्हणाले. "माझ्याच डोक्यातनं निघालं."

संपतने पेढ्यांचा पुडा कोनाड्यात ठेवला आणि वाकून बाहेर पडला. मामी त्याच्यासाठी चहा घेऊन बाहेर आल्या, तर तो गल्लीच्या टोकाला पोचला होता. काळोखे दाराकडेच बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. त्यांच्या जागी मी बघितलं असतं, रागाने का होईना.

बीडकडे जाणारी एसटी तासाभराने होती, हे मला ठाऊक होतं. म्हणजे संपत तोवर स्टँडवर उभा असणार. माझं घर त्याच रस्त्याला. मी कपातला उरलेला चहा संपवला, मामींचा निरोप घेतला आणि रेल्वे फाटकाकडून वळसा घालून घरी गेलो.