शीळ घालत आलेले पाहुणे

एका जंगलात, मुलांनो, एक नदी होती आणि त्या नदीचा प्राण्यांना फार अभिमान होता. नदी त्यांनी खणली नव्हती. तिच्यात पाणीही त्यांनी ओतले नव्हते. पण ते नदीच्या अलीकडे जन्मले होते, आणि हे काम आपण फार मेहनतीने केले आहे असे त्यांचे मत होते.

नदीपलीकडे जन्मले ते परके.

परका आत आला की ओरडायचे काम सगुणा भेकरीकडे होते. भेकर म्हणजे एवढेसे हरीण, पण आवाज कुत्र्यासारखा खणखणीत. सगुणाची आई हेच काम करायची, आजीही हेच करायची. सगुणा भुंकली की अख्खे जंगल कान टवकारायचे. या कामाचा मान म्हणून तिला डोहाजवळची करवंदीची जाळी राहायला मिळाली होती. सगुणाचे मागेपुढे कुणी नव्हते. ती जाळी आणि ते भुंकणे, यावरच तिचा सगळा जीव.

आता इथला कोण आणि परका कोण, हे ओळखायचे कसे? सोपे होते. जंगलाच्या मधोमध एक जुना ऐन होता, खरखरीत सालीचा. प्रत्येक पिलाने आपल्या पहिल्या उन्हाळ्यात त्या ऐनाला मान घासायची, असा रिवाज होता. साल गुळगुळीत झाली, अंगाचा वास लागला, की झाला तो इथला.

त्या वर्षी उन्हाळ्यात नदी गुडघ्याएवढी झाली आणि पलीकडून ससे आले. कुणाच्या गुडघ्याएवढी म्हणाल, तर गव्याच्या. सशांच्या ती नाकाच्या वर होती. तरी आले.

लगेच ऐनाखाली सभा भरली. भीमाण्णा गवा अध्यक्ष होते, कारण ते सगळ्यांत जाड होते. बोलत होता मात्र बाळाराम वानर, कारण तो सगळ्यांत उंच बसला होता.

“आपलं गवत खातायत हे,” बाळाराम म्हणाला.

“भाऊ, तुम्ही कुठं गवत खाता?” सगुणाने विचारले. तिला खरेच माहीत नव्हते.

“प्रश्न माझ्या पोटाचा नाही, सगुणा. प्रश्न गवताच्या अस्मितेचा आहे.”

गवताला अस्मिता असते हे गवत खाणाऱ्यांनाही त्या दिवशीच कळले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

एक म्हातारा ससा पुढे आला. “आम्हीही घासतो की मान ऐनाला,” तो म्हणाला. “लगेच घासतो.”

भीमाण्णांनी थोडा विचार केला. विचार करताना ते नेहमी रवंथ करत, त्यामुळे दोन्हींतले नेमके काय चालू आहे हे कळत नसे. मग ते म्हणाले, “घासा. पण माझ्या खांद्याच्या उंचीवर घासायची. जुना नियम आहे.”

“कधीपासून?” मागून साळिंदराने विचारले. “मग माझं काय?”

“तू आपला आहेस. तुझी उंची आम्ही धरून चालतो.”

ससे उड्या मारमारून दमले. मग ते जाळ्याजुळ्यांत लपले आणि सगुणाचे काम सुरू झाले. जिथे लांब कान दिसेल तिथे ती भुंकायची, आणि तिथे भीमाण्णांचा खूर पडायचा. खरे सांगायचे तर तिला मजा येत होती. इतके महत्त्व तिला आयुष्यात कधी मिळाले नव्हते.

मग एके सकाळी कोळसुंदे आले.

कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा, मुलांनो. तांबडा, झुपकेदार शेपटीचा. तो आपल्या कुत्र्यासारखा भुंकत नाही, शीळ घालतो. टोळीच्या टोळी शीळ घालत नदीत उतरली. ज्या उतारावरून ससे आले होते, त्याच उतारावरून आली. कुणाला विचारून आली नाही.

सगुणाने तोंड उघडले.

“थांब गं,” भीमाण्णा म्हणाले.

“अण्णा, हे पलीकडचे आहेत.”

“दिसतंय मला.”

“मग?”

“अगं, किती शिस्तीत आलेत बघ.”

टोळीचा सरदार पुढे आला. अंग झटकले. “तुमच्यात ससे घुसलेत असं कानावर आलं,” तो म्हणाला. “फार वाईट वाटलं. म्हटलं, आपण संरक्षणाला गेलं पाहिजे.”

“किती दिवस राहाल?” साळिंदराने विचारले. त्याला प्रश्न विचारायची वाईट खोड होती.

“ससे संपेपर्यंत.”

ससे कधी संपतात का, मुलांनो? पण हे कुणी विचारले नाही. बाळाराम तर झाडावरून खाली उतरला, आणि तो सहसा कुणासाठी उतरत नसे. त्याने स्वतःच्या शेपटीने वाट झाडून दिली.

ऐनापाशी आल्यावर सरदार थांबला. आता हा मान घासणार म्हणून सगळे बघू लागले. सरदाराने झाड हुंगले आणि पाय वर केला. मग टोळीतल्या प्रत्येकाने पाय वर केला.

“हे चालतं का?” साळिंदर पुटपुटला.

“मोठ्यांची पद्धत वेगळी असते,” बाळाराम म्हणाला. “आपणही शिकायला हवं काहीतरी.”

आणि जंगल शिकू लागले. कोळसुंद्यांनी डोह ताब्यात घेतला, कारण म्हणे तिथून ससे नीट दिसतात. प्राण्यांना भर दुपारी, मान खाली घालून, रांगेने पाणी प्यायची परवानगी मिळाली. शिस्त लागली म्हणून बाळारामला भरून आले. तरणीताठी पोरे शीळ घालायला शिकली. सगुणा भुंकली की ती एकमेकांकडे बघून हसायची. भुंकणे आता गावठी झाले होते.

मग सांबरिणीचे पाडस डोहावर गेले ते परत आले नाही. सांबरीण भीमाण्णांकडे आली. सगुणा शेजारीच होती.

“अण्णा, ससे नुसतं गवत खात होते,” सांबरीण म्हणाली. “हे पाडसं खातात.”

“ससे विचारून खात नव्हते.”

“मग हे विचारतात?”

“यांना विचारावं लागत नाही,” भीमाण्णा म्हणाले. “फरक समजून घे, ताई.”

सांबरीण फरक समजून घेत तिथेच उभी राहिली. सगुणाला तिच्याकडे बघवेना. ती आपल्या जाळीकडे निघाली.

जाळीत कुणीतरी होते. एक ससीण अंग चोरून बसली होती आणि तिच्या पोटाखाली पिल्ले होती. सगुणाने भुंकायला श्वास घेतला.

“ताई, ओरडायचंच असेल तर जरा थांबून ओरडा,” ससीण हळूच म्हणाली. “पोरं आत्ताच झोपलीत.”

सगुणाला अशी विनंती कधी कुणी केली नव्हती. घेतलेला श्वास तसाच राहिला.

“लाज नाही वाटत?” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या जंगलात शिरायचं, आणि वर दुसऱ्याच्या जाळीत?”

“होती लाज. पलीकडे राहिली. घाईत बरंच काही राहिलं बघा.” ससिणीचे नाव दुर्वा होते. एवढ्या गडबडीतही ती नाव सांगायला विसरली नाही.

“पण आलातच कशाला?”

तेवढ्यात डोहाकडून शीळ आली. पिल्ले झोपेतच आईच्या आणखी आत सरकली.

“ही ऐकलीत ना?” दुर्वा म्हणाली. “ही आमच्याकडे आधी आली. रानडुकरांपासून तुमचं संरक्षण करतो म्हणाले. आम्हीच पानं पसरली त्यांच्या वाटेवर. काय कौतुक होतं आम्हाला.”

“मग?”

“डुकरं संपली. मग संरक्षण कुणापासून करायचं? उरलो आम्हीच.”

सगुणा त्या दिवशी भुंकली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घसा बसलाय, असे ती सांगत होती. खोटे बोलायची सवय नसल्यामुळे न विचारताही सांगत होती.

अखेर दुपारच्या पाण्याला सगळे रांगेत उभे असताना सरदाराने तिला पुढे बोलावले.

“हिला ससे दिसेनासे झालेत का?”

“दिसतात की,” बाळाराम फांदीवरून म्हणाला. “हिच्या जाळीबाहेर लेंड्या पडतात, त्या भेकराच्या नाहीत. मी वरून सगळं बघतो, सगुणा.”

सगळ्यांच्या नजरा करवंदीकडे वळल्या. जाळी जराशी हलली आणि स्तब्ध झाली.

“आम्ही आपले नियमाने चालणारे,” सरदार म्हणाला. “तू एकदा ओरड. पुढचं आम्ही बघतो. नाही ओरडलीस तर जाळी आमची, आणि तुझं कामही आमचं.”

एक भुंकणे, एवढेच तर सगुणाला करायचे होते. आयुष्यभर तेच तर केले होते.

“अण्णा,” ती म्हणाली, “माझं काम काय ते एकदा सगळ्यांसमोर सांगा.”

“परका आत आला की ओरडायचं. काय विचारणं हे?”

“नदीपलीकडचा?”

“हो.”

“न विचारता आलेला? ऐनाला मान न घासलेला?”

“हो गं बाई. ओरड ना आता.”

तेव्हा सगुणा वळली, सरदाराच्या तोंडासमोर उभी राहिली आणि भुंकली. तिची आजीसुद्धा कधी भुंकली नसेल अशी भुंकली. पलीकडच्या डोंगरावरून आवाज परत आला तरी ती भुंकतच होती.

सगळ्या जंगलाची मान शरमेने खाली गेली. सरदाराची शरम नव्हे, मुलांनो. सगुणाची.

“माफ करा,” भीमाण्णा सरदाराला म्हणाले. “आमच्याकडं पाहुण्यांशी असं कुणी वागत नाही.”

“ही मुळात इथली आहे का, तेच बघायला हवं,” बाळाराम म्हणाला.

सगळे ऐनाकडे गेले. सालीवर खाली एका जागी सगुणाने मान घासल्याची खूण स्वच्छ दिसत होती, तिच्या आईच्या खुणेला लागून. भीमाण्णांनी ती नीट पाहिली. मग शिंगाने तेवढी साल खरवडून काढली.

“नाही दिसत,” ते म्हणाले.

सरदार सकाळीच पोटभर जेवला होता. कुणाला खाल्ले होते ते विचारू नका. पोट भरलेले असल्याने तो उदार होता. म्हणाला, “आज मारत नाही. हाकलून द्या, ते सशांचं लटांबरही हाकला हिच्याबरोबर.” त्याची ही दया पाहून कित्येकांचे डोळे पाणावले. त्याच पाणावल्या डोळ्यांनी त्यांनी दगड मारत सगुणाला, दुर्वाला आणि सगळ्या सशांना नदीपर्यंत पोचवले. दुर्वाची पिल्ले सगुणाच्या पाठीवर होती. पाणी खोल होते, आणि पिल्लांची नखे रुतत होती. सगुणाने मागे वळून जाळीकडे एकदा पाहिले. तिथे एक कोळसुंदा पाय वर करत होता.

पलीकडे कुणीच नव्हते. कोळसुंदे सगळे इकडे संरक्षणाला आले होते, त्यामुळे तिकडचे गवत पुन्हा कमरेएवढे वाढले होते. तिकडे ऐन होता का? असेल. कुणी शोधला नाही. सगुणा एका उंबराखाली राहू लागली. भुंकायला काही कारण नव्हते. सुरुवातीला तिला चुकल्याचुकल्यासारखे वाटायचे, मग पिल्ले तिच्या अंगावर उड्या मारायला लागली आणि तेवढी सवड उरली नाही. जुन्या जंगलातून शीळ मात्र ऐकू यायची. रोज जरा जास्त.

एके सकाळी नदीत काळे काहीतरी दिसले. भीमाण्णा होते. पोटापर्यंत पाण्यात, बरगड्या मोजता येतील असे. मागे सांबरीण, साळिंदर आणि उरलेसुरले सगळे. भीमाण्णांच्या पाठीवर बाळाराम बसला होता आणि शेपटी भिजू नये म्हणून ती त्याने डोक्यावर धरली होती.

काठाजवळ येऊन भीमाण्णा थांबले. सगुणा उंबराखाली उभी होती. ती काय करणार, हे त्यांना कळेना. परका नदीतून आला की ती काय करते, हे त्यांच्याइतके चांगले कुणाला ठाऊक होते?

“सगुणा,” ते म्हणाले. “जागा आहे का गं?”

सगुणाने श्वास घेतला. दुर्वाने तिच्याकडे पाहिले.

“आहे,” सगुणा म्हणाली. “तिथं घसरडं आहे, अण्णा. या बाजूनं या.”

“खालच्या अंगाला गवत कोवळं आहे,” दुर्वाने सांगितले. “आधी खाऊन घ्या सगळे. बोलू मग.”

भीमाण्णांनी गवतात तोंड घातले. बाळारामने त्यांच्या पाठीवरून उंबरावर उडी मारली, अंग झटकले, एक पिकले उंबर खाल्ले, मग दुसरे खाल्ले. जरा जिवात जीव आला. फांदीवर ऐसपैस बसून त्याने खाली गवतात हुंदडणाऱ्या पिल्लांकडे पाहिले.

“अण्णा,” तो म्हणाला, “आधी एक ठरवून टाकू. हे ससे इथं कुणाला विचारून राहतात?”

भीमाण्णांचे तोंड गवताने भरलेले होते. त्यांनी बराच वेळ रवंथ केला.

“विचारायला हवं,” ते म्हणाले.

तात्पर्य : परमुलखात शिरताना भिजल्या अंगाने, पिल्ले पोटाशी धरून शिरू नये, तो गुन्हा ठरतो. दात घेऊन, टोळीने आणि शीळ घालत शिरावे, म्हणजे लोक स्वतःहून वाट झाडून देतात. आणि स्वतःवर पळून जायची वेळ आलीच, तर आपण पळून आलो आहोत हे फक्त पोट भरेपर्यंत लक्षात ठेवावे.