साडेनऊ इंच

रोज सकाळी तोंड धुण्याआधी मोजणीदार गुडघ्यावर हात टेकत जमिनीवर बसत, मधल्या दाराची कड आणि चौकट यांच्यामध्ये टेप धरत आणि आकडा वाचत. साडेनऊ इंच. मग वहीत तारीख, आकडा, सही. अशा बारा वह्या भरल्या होत्या. तेरावी चालू होती.

"झालं का?" पलंगावरून बायको विचारी. "वाढलं का काही?"

"थट्टा नको. कोर्टाचा हुकूम आहे."

"म्हणूनच विचारते. तुमच्या कोर्टात वयं सोडून दुसरं काही वाढलेलं मी पाहिलं नाही."

दार दोन घरांच्या मधलं होतं. वडिलांनी एक घर बांधलं, मरताना त्याचे दोन भाग केले आणि मधल्या भिंतीतलं दार तसंच ठेवलं. मुलं शहाणी निघतील असा त्यांचा अंदाज होता. थोरला जमीनमोजणीच्या खात्यात. आयुष्यभर लोकांच्या हद्दी आखल्या, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. धाकटा बसचा ड्रायव्हर. त्याला हद्द फक्त रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यापुरती ठाऊक, तीही पोलीस समोर असला तरच. तो न विचारता दारातून यायचा, कात्री न्यायचा, शिडी न्यायचा, नेलेली वस्तू परत करणं हा त्याला वेळेचा अपव्यय वाटायचा.

एक दिवस त्याने मोजणीदारांचा पोलादी टेप नेला आणि त्याच्या टोकाने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं. टेपचा पहिला इंच तुटला.

"एक इंच तर तुटलाय दादा! पुढचे एकशे एकोणीस आहेत की!"

पोलादी टेप म्हणजे मोजणीदारांची चाळीस वर्षांची अब्रू. ते त्याच दिवशी एका वकीलबाईंकडे गेले. मागणी एकच : मधलं दार कायमचं बंद करून विटांनी बुजवावं.

खालच्या कोर्टाने धाकट्याच्या बाजूने निकाल दिला. वडिलांनी दार ठेवलं, ते दोघांच्या वापराचं, राहू दे. मोजणीदार हायकोर्टात गेले. अपिलासोबत स्वतःच्या हाताने काढलेला नकाशा जोडला. दुसऱ्या कुणी नुसतं 'दार' लिहिलं असतं. पण मोजणीदारांच्या हातून नुसतं 'दार' लिहिलं जाणं शक्य नव्हतं. त्यांनी बारीक अक्षरात टाकलं : 'आजरोजी दार साडेनऊ इंच उघडे.'

हायकोर्टाने अपील दाखल करून घेतलं आणि निकाल लागेपर्यंत नकाशात दाखवल्याप्रमाणे 'जैसे थे' ठेवण्याचा हुकूम केला. दारातून कुणी जायचं नाही, दार कुणी हलवायचं नाही. न्यायमूर्तींना वाटलं असेल, चार-सहा महिन्यांचा प्रश्न. किंवा त्यांना काहीच वाटलं नसेल. त्या दिवशी त्यांच्यासमोर ब्याण्णव प्रकरणं होती. त्यात एका माणसाचा खून झाला होता, एका बाईला घराबाहेर काढलं होतं आणि एक दार साडेनऊ इंच उघडं होतं. सगळ्यांना पुढची तारीख मिळाली.

भानगड दुसऱ्याच आठवड्यात झाली. वाऱ्याने दार वाजलं म्हणून मोजणीदारांनी अर्ज केला, तेव्हा कोर्टाने तपासणीला एक कमिशनर पाठवला. तरुण वकील होता, बूट नवे. त्याने आपल्या टेपने मोजलं.

"साडेआठच आहे. नकाशात तर साडेनऊ. एक इंच कुणीतरी हलवलंय."

"बघा! बघा!" मोजणीदार ओरडले. "लिहून घ्या. हा हलवतो!"

"आईशप्पथ, मी हात लावला नाही," धाकटा फटीतून म्हणाला. "दादा, मी खोटं बोललो तर तोंडावर बोलतो. माझ्या तोंडाकडे बघ ना."

दादांनी नकाशाकडे बघितलं. नकाशा खोटं बोलत नव्हता. कमिशनरने दार साडेनऊ इंचांवर आणून दोन्ही बाजूंनी विटा लावून दिल्या, अहवाल गेला, आणि धाकट्याला हायकोर्टात उभं राहून लेखी माफी मागावी लागली. ज्या माणसाने आयुष्यात कधी बसमधल्या प्रवाशाची माफी मागितली नव्हती, त्याने न केलेल्या गोष्टीची मागितली. त्याच्या वकिलाने सांगितलं, माफी मागून मोकळा हो, खरं सिद्ध करायला सहा वर्षं लागतील. त्या दिवसापासून तो दादांशी बोलायचा बंद झाला. ओरडायचा तेवढा.

दहा वर्षं गेली. तीन न्यायमूर्ती बदलले. एकदा फाईल हरवली, एकदा सापडलेली फाईल दुसऱ्याच कुणाची निघाली. दाराला रंग देता येईना, वाळवी लागली तर औषध मारता येईना. मोजणीदारांनी औषधाच्या परवानगीचा अर्ज केला, त्याला तारीख पडली, आणि वाळवीने तारखेची वाट पाहिली नाही.

पण साडेनऊ इंच हे मोठं विलक्षण माप आहे. त्यातून माणूस जात नाही. हात जातो. वाटी जाते, ताट जात नाही. म्हणून दोन्ही घरांतल्या बायकांनी ताटं वापरणंच सोडलं. हुकूम माणसांना होता, वाट्यांना नव्हता. सकाळी इकडून काही गरम जायचं, दुपारी तिकडून यायचं. दोघी जावा दोन्ही बाजूंना पाट टाकून बसायच्या आणि फटीतून नवऱ्यांची मापं काढायच्या.

"ताई, तुमचे हे आज पुन्हा मोजत होते का हो?"

"मोजू दे. त्या निमित्ताने वाकतात तरी. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाच आहे."

मग एका दुपारी मोजणीदारांची बायको न्हाणीघरात घसरली. खुबा मोडला. दवाखान्याची माणसं स्ट्रेचर घेऊन आली, पण मोजणीदारांच्या घराला पुढे अरुंद बोळ आणि बोळाला काटकोनातलं वळण. स्ट्रेचर वळेना. उभं करून नेलं तर ती किंचाळायची. रस्ता होता तो धाकट्याच्या घरातून.

मोजणीदार दारासमोर उभे राहिले. एका हातात टेप होता. तो कधी घेतला हे त्यांनाही कळलं नाही. "थांबा," ते म्हणाले, "वकीलबाईंना फोन करून परवानगी..."

पलीकडून एक लाथ बसली. विटा उडाल्या, दार धाडकन भिंतीवर आदळलं आणि दहा वर्षांनी धाकटा दादांच्या घरात आला.

"वहिनी, धरा गळ्याला. दादा, बाजूला हो, नाहीतर तुलाही उचलीन."

चार दिवसांनी, शस्त्रक्रिया झाल्यावर, मोजणीदार घरी आले आणि जमिनीवर बसले. दार पुन्हा साडेनऊवर आणायचं होतं. एकट्याने टेप धरून दार सरकवता येईना. पलीकडून एक जाड हात आला आणि त्याने टेपचं टोक चौकटीला दाबून धरलं.

"बोल, किती?"

"अजून थोडं. बस. साडेनऊ."

"वीट लावू?"

"लाव."

एवढंच बोलणं झालं. कोर्टाला दोघांनीही काही कळवलं नाही. बायकोचा पलंग मोजणीदारांनी दाराजवळ आणून ठेवला. आता तिला चालता येत नव्हतं. तिचं सगळं जग त्या साडेनऊ इंचांतून यायचं : जावेचा आवाज, धाकट्याचं खोकणं, पलीकडच्या खिडकीतून दिसणारा रस्त्याचा एक तुकडा.

आणि अकराव्या वर्षी निकाल लागला.

"काका, जिंकलो आपण!" वकीलबाई कोर्टाच्या जिन्यातच म्हणाल्या. त्या जिंकण्यावर त्यांचा स्वतःचाही विश्वास बसत नव्हता. "निकाल तुमच्या नकाशावरच दिलाय : भाऊ दार हलवतो, म्हणून चार आठवड्यांत दार बंद करून विटांनी बुजवायचं. प्रतिवादीच्या खर्चाने!"

मोजणीदार घरी आले. बायकोने ऐकून घेतलं. फटीतून हात घालून तिने जावेचा हात धरला आणि तोंड तिकडे फिरवलं. बराच वेळ मोजणीदारांना तिची पाठच दिसत होती. अकरा वर्षं मागितलेली गोष्ट मिळाली होती आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वकीलबाईंपुढे बसले.

"वरच्या कोर्टात जायचंय."

"कशाला? जिंकलोय ना आपण."

"म्हणूनच."

"काका, जिंकलेल्याला अपील करता येत नाही. हरलेल्याने करायचं असतं. तुमच्या भावाला सांगा."

सांगायचं म्हणजे बोलावं लागणार होतं. मोजणीदार फटीपाशी गेले, दोनदा खाकरले.

"अरे, तू वर अपील करणार असशील ना?"

"मी? नाही बुवा." धाकटा खुर्चीवर बसून बूट पुसत होता. "कोर्ट म्हणालं बंद कर, तर बंद. उद्या विटा येतायत. गवंडीही सांगितलाय."

"तू आयुष्यात कधी कुणाचं ऐकलंयस?"

"ऐकलं नाही म्हणून एकदा माफी लिहून घेतली माझ्याकडून. न केलेल्या गोष्टीची. आता ऐकणार." तो बूट पुसत राहिला. "तुला हवं होतं ना दादा? घे."

त्या संध्याकाळी बायकोने भिंतीकडे बघतच विचारलं, "तुमचा नकाशा चुकीचा होता म्हणून सांगितलं तर?"

"माझा नकाशा?" मोजणीदार ताडकन उठले. "चाळीस वर्षांत एक इंच चुकला नाही!"

"मग राहू दे. तुमचा इंच सांभाळा."

मोजणीदारांनी कपाटावरची पेटी काढली. खोटं सांगायचं तर नीट सांगावं. निदान कुठल्या मापात चूक दाखवायची ते ठरवावं. पेटीत नकाशाची प्रत होती आणि फडक्यात गुंडाळलेला तो जुना टेप. भावाच्या अपराधाचा पुरावा म्हणून जपून ठेवलेला. खालच्या कोर्टात हरले त्याच रात्री नकाशा त्यांनी याच टेपने काढला होता, नवा अजून घेतला नव्हता. त्यांनी सहज तो दाराला लावला.

साडेदहा.

नवा टेप लावला. साडेनऊ. पुन्हा जुना. साडेदहा.

मोजणीदार जमिनीवरच बसून राहिले. पहिला इंच तुटलेला टेप. त्याने मोजलं की एक वजा करायचा, हे मोजणीखात्यातल्या पहिल्या आठवड्याच्या उमेदवारालाही कळतं. त्या दिवशी डोक्यात राग होता. त्यांनी वजा केला नाही. दार साडेआठच उघडं होतं. कमिशनर बरोबर होता. नंतर दोन वकिलांनी, एका कमिशनरने आणि तीन न्यायमूर्तींनी तो आकडा वाचला, त्यावर शिक्के मारले, आणि दहा वर्षं एक चूक इमानेइतबारे विटा लावून सांभाळली गेली.

आणि भाऊ म्हणाला होता, माझ्या तोंडाकडे बघ ना.

सकाळी विटांचा हातगाडा आला. मोजणीदारांनी स्वतः वाकून दाराची वीट काढली, दार भिंतीपर्यंत लोटलं आणि दोन्ही टेप घेऊन धाकट्याच्या घरात पाऊल टाकलं. न विचारता.

"हे बघ," ते म्हणाले. एवढंच. धाकट्याने आधी एक टेप बघितला, मग दुसरा, मग दादांचं तोंड.

"म्हणजे मी हलवलं नव्हतं."

"नव्हतं."

"मला माहीत होतं रे," धाकटा म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच घराबाहेर ऐकू गेला नाही. "तुला कळायला हवं होतं."

गवंडी दारात उभा होता. "काम करायचंय का नाही?"

"विटा परत ने," मोजणीदार म्हणाले. "माप चुकलंय."

फेरविचाराच्या अर्जावर धाकट्याने सही केली आणि मोजणीदारांनी त्याला प्रतिज्ञापत्र जोडलं : नकाशा चुकीचा आहे, चूक माझी आहे, माझ्या भावाने दार हलवलेलं नव्हतं. वकीलबाईंनी सांगितलं, शेवटचं वाक्य कायद्याने अनावश्यक आहे. मोजणीदार म्हणाले, तेवढंच आवश्यक आहे, बाकीचं तुम्ही गाळा.

हायकोर्टात न्यायमूर्तींनी कागद दोनदा वाचला आणि चष्म्यावरून बघितलं. एकाच बाकावर दोन म्हातारे खेटून बसले होते. त्यातला कोण कुणाविरुद्ध आहे हे कळायला मार्ग नव्हता.

"जिंकलेला वादी स्वतः येऊन आपली चूक सांगतोय, हे मी पहिल्यांदाच बघतोय," न्यायमूर्ती म्हणाले. "निकाल नकाशावर दिलाय आणि नकाशाच चुकीचा, म्हणजे निकाल बाजूला ठेवावा लागेल. भावाची माफी कामकाजातून काढून टाका. नवी मोजणी होईपर्यंत आजची स्थिती जैसे थे."

धाकट्याने कोपराने दादांना ढोसलं. लघुलेखकाची बोटं यंत्रावर थांबली.

"आजची स्थिती नोंदवायची आहे," न्यायमूर्ती म्हणाले. "दार सध्या कसं आहे?"

"उघडं आहे साहेब," मोजणीदार उठून म्हणाले.

"किती उघडं?"

मोजणीदारांचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. त्यांनी शेजारी बघितलं. धाकटा छताकडे बघत हसू दाबत होता.

"मोजलं नाही, साहेब."