रतनचं जातं तालमीत

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वेणूबाईने विचारलं, "भावजी, ओटीवरचं जातं कुठं गेलं?" तेव्हा गुणाजीला कळलं, की रतनचं जातं गेलं. ओटीवर एक गोल डाग तेवढा राहिला होता.

बायको रतन श्रावणात वारली. तिचं जातं कोपऱ्यात बघवेना, म्हणून गुणाजीनेच ते ओढत ओटीवर आणून ठेवलं होतं. हे त्याने वेणूबाईला सांगितलं नाही. "चोर हायत सगळे," एवढंच म्हणाला. पण नागावात पिठाची गिरण आल्यापासून जात्याला कोण विचारतो? वेणूबाईला ते ठाऊक होतं. तालमीतली पोरं जड दगड शोधत होती, असं ती म्हणाली; जातं तिथंच गेलं होतं.

गुणाजी अनवाणीच निघाला. जातं घेऊन येईन आणि नेणाऱ्याला त्यातच दळीन, असं वाटेत भेटेल त्याला सांगत गेला.

तालमीत शिवदासचा नवा व्यायाम चालला होता. शिवदास मुंबईला गोदीत कामाला. शिमग्याला येताना त्याने भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने एक लोखंडी दांडी आणली होती. ती मानेमागे खांद्यांवर घ्यायची आणि बैठक मारायची. दांडीला वजन पाहिजे, आणि वजनाला मधोमध भोक पाहिजे. म्हणून एका टोकाला रतनच्या जात्याची वरची तळी, दुसऱ्या टोकाला खालची, आणि मध्ये नारळ पाडणारा सदा, गावचा गड आपणच पेलल्यासारखी छाती काढून उभा!

गुणाजी भांडायला तोंड उघडतो तोवर सदा खाली बसला. बसला तो बसलाच. खालची तळी जड, त्यामुळे तो एका अंगाला कलला, डोळे वटारले, पण उठेना.

शिवदास म्हणाला, घाबरायचं नाही, यालाही रीत आहे. भार पाठीमागे सोडून द्यायचा आणि आपण पुढे उडी मारायची. सदाने हात सैल केले. त्याच्या मागे जांभ्या दगडाची फरसबंदी होती.

"सोडलंस तर याद राख," गुणाजी म्हणाला.

"काका, पाय गेलं माझं."

"पाय तुझं हायत. जातं रतनचं हाय."

शिवदास तावातावाने सांगू लागला, की शिमग्यात दाराबाहेरून उचललेल्या वस्तूला गावात चोरी म्हणत नाहीत. होळीच्या लाकडाला म्हणत नाहीत, गुणाजी म्हणाला, बायकोच्या जात्याला म्हणतात. हा वाद होईपर्यंत सदा मधे लटलटत होता. दोघा गड्यांनी तळ्यांना हात घातला, पण अंगाला नुकतंच खोबरेल चोळलेलं. हात म्हावऱ्यासारखे निसटले.

शेवटी गुणाजीनेच हुकूम दिला. पाच हात मागे कुस्तीचा हौदा होता, मऊ लाल मातीचा. सदाने बसल्या बसल्या चिंबोरीसारखं सरकत तिथवर जायचं. हौद्यात लोखंड चालत नाही, मारुती कोपेल, असं शिवदासचं म्हणणं पडलं.

"मारुतीला मी बघतो," म्हणत गुणाजीने जड तळीखाली स्वतःचा खांदा दिला आणि सदाबरोबर फरफटत गेला. हौद्याची कड आली तसा तो बाजूला झाला. "सोड."

सदा पुढे उडाला तो थेट शिवदासच्या पोटावर. मागे तळ्या मातीत रुतल्या. गुणाजीने दोन्हींवरून हात फिरवला. टवकासुद्धा उडाला नव्हता.

सदाच्या खालून शिवदास सगळ्यांना म्हणाला, "बघितलंत? आस्सं सोडायचं."

गुणाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडण मिटायच्या आत दुसरंच निघालं. तळ्या हलू नयेत म्हणून शिवदासने भोकांत पाचरी ठोकल्या होत्या. उलट ठोकाव्यात, तर दगड फुटायचा. मग गुणाजीने दांडीसकट सगळं गाडीच्या चाकांसारखं लोटत नेलं. एक तळी घेराने बोटभर लहान; गाडा सारखा त्या बाजूला वळे. वाटेत तो दोन कुंपणांत शिरला आणि एकदा वेणूबाईच्या वालाच्या मांडवात.

आता ते माजघरात भिंतीपासून भिंतीपर्यंत आडवं पडलं आहे. पाण्याला जायचं तरी गुणाजीला ते ओलांडून जावं लागतं. ओटीवर ठेवायला तो तयार नाही.

पाचरी अजून काढायच्या राहिल्या आहेत.